नाना, तुमच्या घड्याळातला अर्धा सेकंद

नाना, तुमच्या उत्तरकार्याला, गंधमुक्तीला, मी सगळ्यांत मोठ्याने रडले. धुळ्याला साक्री रोडवरच्या तुमच्या घरापुढे मांडव घातला होता, बायका ओट्यावर बसल्या होत्या, आणि कोणीतरी शेजारणीला हळूच सांगत होतं, "ती नानांची चेली. पोलिसात आहे. नानांनीच तिला पिस्तूल शिकवलं." ते ऐकून मला आणखीच भरून आलं. तुमच्या पत्नीने, अक्कांनी, मला जवळ ओढून घेतलं आणि त्यांच्या पदराने माझं नाक पुसलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी मला कळलं की तुम्ही माझ्याशी खोटं बोलत होतात. एकदा-दोनदा नाही. तीन वर्षं, दर शनिवारी.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहितात. मीही तसंच लिहिणार होते. कागद घेऊन बसलेही होते, "माझे गुरू" असं वर लिहिलंही होतं. तो कागद फाडला.

त्या चौथ्या दिवशी वार्षिक गोळीबार सरावासाठी मी पाचोऱ्याहून जळगावला आले होते. तुम्ही निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी चांदमारीवर लिंबाखालच्या त्या लोखंडी स्टुलाला अजून नानांचं स्टूल म्हणतात, आणि त्यावर कोणी बसत नाही. शस्त्रागारातून पिस्तुलं घेऊन आलेले युसूफभाई मात्र त्या दिवशी बसले होते. त्यांच्या हातात एक नवीन यंत्र होतं, मोबाईलपेक्षा थोडं जाड. ते स्वतःच वाजतं, आणि गोळीचा आवाज स्वतःच ऐकून वेळ दाखवतं. शिट्टी नको, अंगठ्याने दाबायचं घड्याळ नको.

"ये संगीता," ते म्हणाले, "नानांच्या नावाने पहिला नंबर तुझा."

मी रेषेवर उभी राहिले. तुम्ही शिकवलं होतं तशी. हात मांडीशेजारी मोकळे, होल्स्टरची पट्टी बंद, नजर दहा मीटरवरच्या माणसाच्या आकाराच्या टार्गेटवर. यंत्र वाजलं. पट्टी उघडली, पिस्तूल बाहेर, दोन्ही हात वर, दोन गोळ्या. दोन्ही छातीत.

युसूफभाईंनी यंत्र माझ्यापुढे धरलं. दोन पॉइंट एक चार.

"बिघडलंय हे," मी म्हणाले.

"पुन्हा मार."

दोन पॉइंट शून्य नऊ. तिसऱ्यांदा दोन पॉइंट दोन.

"युसूफभाई, यंत्र दुरुस्तीला पाठवा. माझी वेळ दोन पॉइंट सात आहे. बाळंतपणानंतर मनगट दुखतं, आता तर आणखी वाढली असेल."

त्यांनी यंत्र बंद केलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "यंत्र ठीक आहे बेटा. तुझी वेळ कधीच दोन पॉइंट सात नव्हती. नाना घड्याळ आधी दाबायचे, शिट्टी मागून मारायचे. अर्धा सेकंद. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं."

मी आधी हसले, नाना. खरंच हसले. मला वाटलं, तुम्ही गेल्यावर म्हाताऱ्याला काहीतरी गंमत सुचलीय.

तुम्हाला आठवतं का, मी पहिल्यांदा तुमच्यापुढे कशी उभी राहिले होते ते? भरती होऊन दोन महिने झालेले. मी पारोळ्याची, आबा मार्केट यार्डात हमाली करायचे, आई कापूस वेचणीला जायची. घरात माझ्याआधी कोणी दहावी पाहिली नव्हती, आणि मी बी.ए. झाले होते. साहेबांपुढे बोलताना माझं मराठी पुस्तकातल्यासारखं व्हायचं, म्हणून सगळे मला शाळेतल्या "बाई" म्हणून चिडवायचे.

"नाव काय तुनं?" तुम्ही विचारलंत.

"संगीता, सर."

"सर कोन? मी नाना शे. पिस्तूल हातमा लेयेल शे का कधी?"

"नाही, नाना."

"बेस शे. शिकेल हातले मोडाले टाइम लागस."

मुख्यालयात इतकी वर्षं राहूनही तुमची भाषा साक्रीकडचीच राहिली. अधिकारी आले की तेवढ्यापुरती सरळ व्हायची. मला ते फार आवडायचं. वाटायचं, बोली सोडली नाही तरी माणूस मोठा होऊ शकतो.

तुम्ही मला शिसवीच्या लाकडाचं पिस्तूल करून आणून दिलंत. सुताराकडून कापून घेतलं आणि कानस तुम्ही स्वतः मारलीत, वजनासाठी आत शिसं भरलंत. मी भाड्याच्या खोलीत आरशापुढे रोज शंभर वेळा ते उपसायचे. घरमालकीणबाईंना वाटायचं, मुलीचं डोकं फिरलंय. चांदमारीवर तुम्ही रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर झडलेल्या गोळीची एक पुंगळी उभी करायचात आणि चाप ओढायला लावायचात. पुंगळी पडली की संपलं.

"पडनी! तुना बाप पोतं उचलस तव्हय त्याना हात कापस का?"

"नाही, नाना."

"मंग तुना कसाले कापस?"

सगळे हसायचे, मीही हसायचे. आबांच्या हमालीचा कोणी उल्लेख केला की माझा चेहरा पडायचा, पण तुम्ही केलात तर पडायचा नाही. तुम्ही पोतं उचलणाऱ्या हाताला मान देत होतात हे मला कळायचं. एकदा मी आबांना चांदमारी दाखवायला आणलं होतं. तुम्ही त्यांना याच स्टुलावर बसवलंत आणि स्वतः उभे राहिलात. त्यांना चहा दिलात, म्हणालात, "भाऊ, मी हिले काहीच शिकाडं नही. हात तुना शे." आबा घरी जाऊन आठवडाभर तेच सांगत होते.

हे सगळं खरं आहे ना, नाना? की यातही काही आधी दाबलेलं होतं? आता मला प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासावी लागतेय, आणि याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे.

"घाई हातले, डोकाले नही," असं म्हणून तुम्ही शिट्टी मारायचात. गोळ्या सुटल्या की तुम्ही घड्याळाकडे बघून आकडा सांगायचात. तीन पॉइंट चार. तीन पॉइंट एक. दोन पॉइंट नऊ. मी कधी घड्याळ बघायला मागितलं नाही. आमच्या पारोळ्याच्या शाळेत मास्तरांनी फळ्यावर उत्तर लिहिलं की ते उत्तर. ते पुन्हा करून बघायची आमची हिंमत नव्हती आणि तसं कधी सुचलंही नाही. ज्याच्या घरात शिकलेलं कोणी नाही, त्याला शिकवणारा देव असतो. चांदमारीवरच्या इतर मुलांनी तुमच्या हातातून घड्याळ ओढून पाहिलंही असेल. मी तुमच्या हाताकडेही पाहिलं नाही. शनिवारी संध्याकाळी वहीत आकडा लिहून ठेवायचे आणि मनाला सांगायचे, अजून कमी पडते.

तिसऱ्या वर्षी राज्याच्या स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. अट अडीच सेकंदांची. साहेब स्वतः चांदमारीवर आले. मी रायफली पुसत होते, तुम्ही स्टुलावर बसून एका नळीतून चिंधी ओढत होतात.

"संगीता, तुमचं नाव घालू ना? चाचणी पंधरा दिवसांनी आहे."

मी उभी राहिले. मला किती जायचं होतं हे तुम्हाला माहीत होतं. संघात निवड झाली असती तर तीन महिने पुण्याला सराव, नवे प्रशिक्षक, पुढे कदाचित खेळाडू म्हणून बढती. मी तुमच्याजवळ याबद्दल तासन् तास बोलले होते. पण माझी वेळ दोन पॉइंट सात होती. महिनाभर ती सातवरच अडली होती. पंधरा दिवसांत काय कमी होणार? सगळ्या जिल्ह्यापुढे माझ्यामुळे तुमचं नाव खराब होईल, असं मला वाटलं.

"नको साहेब," मी म्हणाले, "माझी वेळ बसत नाही. दोन पॉइंट सातच्या खाली येत नाही."

साहेबांना नवल वाटलं. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. "काय नाना? मला तर ती जलद वाटते."

तुम्ही चिंधी ओढत राहिलात. मग त्या सरळ मराठीत म्हणालात, "पोरगी म्हणते ते बरोबर आहे, साहेब."

नाना, ते वाक्य मी तेव्हा प्रेमाने ऐकलं होतं. वाटलं, नानांनी मला लाज वाटू दिली नाही, माझा निर्णय माझाच ठेवला. घरी जाऊन मी रडले, पण तुमच्यावर नाही. स्वतःच्या हातावर रडले.

त्या वर्षी आपल्या जिल्ह्यातून महिला गेलीच नाही. पुढच्या वर्षी माझी पाचोऱ्याला बदली झाली. मग लग्न, मग मुलगी, मग बंदोबस्त, रजिस्टरं, समन्स बजावणं. लाकडी पिस्तूल मी माळ्यावर टाकून दिलं.

युसूफभाईंनी त्या दिवशी मला सगळं सांगितलं. तुमच्या उस्तादांनी तुमच्यासोबत असंच केलं होतं, त्यांच्या उस्तादांनी त्यांच्यासोबत. सरावात घड्याळ आधी दाबायचं. पोराला वाटतं आपण कमी पडतोय, तो आणखी घासतो. मग चाचणीच्या दिवशी सकाळी, रेषेवर जाण्याआधी, त्याच्या कानात सांगायचं: अर्धा सेकंद तुझा परत घे. पोरगं खुशीने उडतं, पुढे जाऊन मारतं. संध्याकाळी सगळ्यांना चहा पाजतं. आणि एकच नियम: ज्याला अर्धा सेकंद परत मिळाला त्याने मागच्याला सांगायचं नाही.

"आम्ही सगळे असेच शिकलो," ते म्हणाले. "तू चाचणीला गेली असतीस तर तुलाही सांगितलं असतं. तू नावच काढून घेतलंस बेटा. असं आजपर्यंत कोणी केलं नव्हतं. बाकीचे सगळे वेळ बसत नसली तरी जायचे. नशीब बघायला जायचे. घड्याळावर इतका विश्वास ठेवणारी तूच एक."

मी त्यांना विचारलं, "मग साहेबांनी विचारलं तेव्हा नाना का बोलले नाहीत?"

युसूफभाईंनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मी पुन्हा विचारलं, या वेळी जरा वरच्या आवाजात. लाइनीतली पोरं वळून बघायला लागली.

"मी त्यांना म्हणालो होतो त्याच दिवशी," ते शेवटी म्हणाले. "नाना, जा, साहेबांना सांगून या, पोरीचं नाव घालायला लावा. ते म्हणाले, साहेबापुढे मी काय सांगू, की माझं घड्याळ खोटं आहे? उद्या सगळ्या जिल्ह्याचे आकडे खोटे म्हणतील. म्हणाले, उद्या सांगतो. यादी त्याच दुपारी गेली."

"आणि तुम्ही?"

"मी तुमच्या दोघांच्या मध्ये काय बोलणार?"

मी त्यांच्याशी नीट बोलले नाही, नाना. ते साठीला आलेत, माझ्या मुलीला दर ईदला कपडे पाठवतात, आणि मी तिथून निरोप न घेता निघाले. बसमध्ये खिडकीशी बसले. त्या क्षणी नळीवर पुंगळी उभी राहिली नसती.

अर्धा सेकंद मी तुम्हाला माफ केला असता. मला खरंच तसं वाटतं. तो शिकवण्याचा भाग होता, तुम्हाला तसंच शिकवलं होतं, त्यात माझा हात घडलाही असेल. पण "पोरगी म्हणते ते बरोबर आहे" हे घड्याळाने म्हटलेलं नाही. ते तुम्ही म्हणालात. माझा बाप ज्या स्टुलावर बसला होता त्यावर बसून म्हणालात.

काल सुट्टी घेऊन मी धुळ्याला अक्कांकडे गेले. भांडायचं कोणाशी हे मला माहीत नव्हतं. घरात तुमचा हार घातलेला फोटो आणि अक्का, एवढेच होते. मी त्यांना सगळं सांगायचं ठरवून गेले होते आणि त्यांच्यापुढे बसले. एवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुले युसूफनी सांगं ना?"

त्यांना माहीत होतं. नाना, अक्कांनाही माहीत होतं.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी इथे लिहितेय, कारण तुमच्या बाजूचं तेवढंच माझ्याकडे आहे. तुमच्या निरोप समारंभाच्या दिवशी सकाळी तुम्ही त्यांना म्हणाला होतात, "आज संगीले सांगी टाकस." नवा शर्ट घालताना म्हणाला होतात. पायऱ्या उतरताना पुन्हा म्हणाला होतात.

त्या समारंभाला मी पाचोऱ्याहून शाल आणि नारळ घेऊन आले होते. मला बोलायला सांगितलं. मी चार दिवस लिहून पाठ केलेलं भाषण केलं. तुमच्याकडे बघत म्हणाले, "शाळेत मी फळ्यावर लिहिलेलं खरं मानलं. नोकरीत नानांचं घड्याळ खरं मानलं. त्या घड्याळाने मला कधी एका क्षणाचंही खोटं सांगितलं नाही, म्हणून मी माझी पायरी ओळखून राहिले." मग मी तुमच्या पाया पडले. टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत दोघं-तिघं हसले होते. मला वाटलं होतं, कौतुकाने हसले.

"घर उनात," अक्का म्हणाल्या, "शाल खुंटीले टांगी, नि ताटवर बसनात नही. मी इचारं, सांगं का पोरले? तर म्हने, तिनी मन्हं तोंडच बांधी टाकं."

मी तुमचं तोंड बांधलं. माझ्या कृतज्ञतेने. हे ऐकून मी काय करायला हवं होतं? अक्का माझ्याकडे आशेने बघत होत्या. त्यांना वाटत होतं, आता ही म्हणेल, जाऊ द्या अक्का. मी म्हणू शकले नाही. मी म्हणाले, "अक्का, त्यानंतर चार वर्षं होती. माझा फोन नंबर त्यांच्याकडे होता. दर दिवाळीला ते मला फोन करून मनगट कसं आहे विचारायचे."

अक्का म्हणाल्या, "हा ना बाई. व्हती ना चार वर्षं." आणि रडायला लागल्या. मग मीच त्यांना जवळ घेतलं. आम्ही दोघी तुमच्यावर रागावून रडत होतो, आणि तुम्ही फोटोतून बघत होतात.

तुम्ही मला शिकवलं नसतं तर मी आज पाचोऱ्याच्या ठाण्यात समन्स वाटणारी एक बाई असते, हे खरं आहे. तुम्ही मला शिकवल्यानंतरही मी तेच करतेय, हेही खरं आहे. या दोन वाक्यांमध्ये तुम्ही उभे आहात आणि मला तुम्हाला कुठे ठेवावं कळत नाही. आबांना मी काही सांगितलेलं नाही. त्यांना तुमच्या गंधमुक्तीला येता आलं नाही, याची त्यांना अजून हळहळ आहे. कालही फोनवर म्हणाले, "देवमाणूस होता." मी "हो आबा" म्हणाले. आता मीही खोटं बोलायला लागले का? की ते खोटं नाही? तुम्ही असतात तर तुम्हालाच विचारलं असतं. अशा वेळी विचारायला माझ्याकडे तुमच्याशिवाय कोणी नव्हतं.

आज सकाळी मी जळगावला जाऊन साहेबांना भेटले. हे नवीन साहेब, तुम्ही यांना पाहिलेलं नाही. यंदाच्या संघाची यादी त्यांच्या टेबलावर होती. मी म्हणाले, माझं नाव घाला.

त्यांनी माझं वय बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. चौतीस. पहिल्यांदाच चाचणीला येणारी. "वेळ किती येते तुमची?"

गेल्या आठवड्यातले तिन्ही आकडे मला पाठ होते. यंत्राचे होते, खरे होते. पण तोंडातून ते निघाले नाहीत.

"ते मी नाही सांगणार, साहेब. तिथेच मोजा," मी म्हणाले.

त्यांना ते उर्मट वाटलं असावं. थोडा वेळ त्यांनी पेन हातात फिरवलं. मग नाव लिहिलं.

चाचणी येत्या शनिवारी आहे. मनगटाला पट्टी बांधणार आहे. निवड होईल की नाही माहीत नाही. चौतिशीत, आठ वर्षांच्या गॅपनंतर, कोवळ्या पोरींच्या रांगेत उभं राहायचंय. रेषेवर उभी राहिले की हात मांडीशेजारी मोकळे सोडेन, नजर समोर ठेवेन, आणि वाजायची वाट बघेन. नाना, एवढं करा. त्या दोन सेकंदांत माझ्या डोक्यात येऊ नका. नंतर या. आपलं भांडण अजून बाकी आहे.